रॅले रोडस्टरच्या झिजलेल्या हबचे कोन आणि कप : बदली भाग कोठे व कसे शोधावेत?

मिरजकर (प्रश्न)

नमस्कार. आमच्या घरात नॉटिंगहॅमच्या बनावटीची एक रॅले रोडस्टर आहे. चाके अठ्ठावीस इंची, ब्रेक सळीचे आणि मागच्या चाकात स्टर्मी-आर्चरचा तीन गियरचा हब, असा तिचा मूळ संच बहुतांशी शाबूत आहे. मागच्या हबच्या कवचावर ‘एडब्ल्यू’ ही अक्षरे आणि त्यांच्याजवळ ‘५४’ व ‘७’ हे आकडे ठोकलेले दिसतात. पुढचा हब साधा आहे आणि त्याच्या मधोमध तेल सोडण्याचे छिद्र व त्यावर स्प्रिंगची पट्टी आहे.

अडचण मुख्यतः पुढच्या हबची, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याची, आहे. कोन (एक्सलवर फिरवून बसवायचा शंकूसारखा भाग) थोडा सैल केला की चाक डुलते, आवळला की कुरकुरते, आणि या दोहोंमधली जागा काही केल्या सापडत नाही. उघडून रॉकेलने धुतल्यावर दिसले, की दोन्ही कोनांवर छर्रे फिरतात तो पट्टा निस्तेज झाला असून त्यावर देवीच्या वणांसारखे खड्डे पडले आहेत. कप, म्हणजे हबमधल्या छर्रे बसण्याच्या वाट्या, त्या मानाने चकचकीत वाटतात. येथील एका दुकानात गियरच्या सायकलीचा नवा कोन लावून पाहिला, तेव्हा तो दोन-तीन फेरे सहज गेला आणि मग जो अडकला तो अडकलाच. ‘हा माल आता येत नाही, आख्खा हब बदला’ असे सांगून दुकानदारांनी विषय संपवला.

मागच्या हबचे दुखणे वेगळे आहे. चढावर जोर दिला की कधीकधी पेडल एकदम रिकामे फिरते, आणि हे बहुधा दुसऱ्या गियरमध्ये घडते.

या हबचे आटे कोणत्या मापाचे असतात, तसे कोन आज भारतात मिळतात का, न मिळाल्यास लेथवर करून घेणे शहाणपणाचे ठरेल का, आणि मागच्या हबसाठी इंग्लंडहून सुटे भाग मागवावे लागतील का, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे. सायकल शोभेसाठी ठेवायची नाही. ती रोज नव्हे, पण नियमितपणे चालवायची आहे.

जुना पान्हा, पुणे

आपण ‘रॅलेचा कोन’ मागत फिरलात तर बहुतेक दुकानांत नकारच मिळेल, कारण काउंटरवरचा माणूस डब्यावरचे नाव पाहतो. आपल्याला हवा आहे तो विशिष्ट आट्यांचा आणि विशिष्ट आकाराचा कोन. त्यावर नाव कोणाचे आहे याला फारसे महत्त्व नाही. म्हणून आधी मोजमाप आणि मग बाजार, असा क्रम ठेवावा.

ब्रिटिश रोडस्टरच्या पुढच्या एक्सलचे माप सर्वसाधारणपणे ५/१६ इंच, म्हणजे ७.९४ मिमी, आणि आटे इंचाला २६ असे असते. साध्या, बिनगियरच्या मागच्या हबला ३/८ इंचाचा एक्सल असतो व आटे तेच, इंचाला २६. या आट्यांचे अंतर मिलिमीटरमध्ये काढले तर ०.९७७ भरते. आजच्या गियरच्या सायकलींचे पुढचे एक्सल बहुधा ९ मिमी जाडीचे आणि १ मिमी अंतराच्या आट्यांचे असतात, आणि काही स्वस्त हबांना ८ मिमीचा एक्सल असतो. ०.९७७ आणि १ यांतला फरक डोळ्यांना दिसत नाही. पण प्रत्येक आट्यागणिक तो साठत जातो, आणि म्हणूनच चुकीचा कोन पहिले दोन-तीन फेरे खुशाल जातो व मग घट्ट होतो. तो पान्ह्याने जोर लावून पुढे नेला तर कोनाबरोबर एक्सलचेही आटे जातात. आपण तेथेच थांबलात हे उत्तम झाले.

आटे मोजण्यासाठी थ्रेड गेज मिळाले तर प्रश्नच नाही. नसेल तर एक्सल स्वच्छ करून त्यावर इंचाची पट्टी धरावी आणि अर्ध्या इंचात १३ आटे बसतात का ते भिंगातून पाहावे. दुसरी खात्रीची युक्ती म्हणजे कोणत्याही जुन्या काळ्या भारतीय सायकलीचा पुढचा एक्सल घेऊन तो आपल्या एक्सलला लांबीने चिकटवून उजेडासमोर धरणे. आटे एकमेकांत पूर्ण लांबीभर बसले आणि मधून उजेडाची फट दिसली नाही, तर माप एकच समजावे.

माझा अंदाज आहे की ते एकच निघेल, आणि त्यामागे कारण आहे. आपल्याकडचा सायकल उद्योग ब्रिटिश नमुन्यावरच उभा राहिला. आसनसोलला सेन-रॅले आणि मद्रासजवळ अंबत्तूरला टीआय सायकल्स हे कारखाने तर थेट ब्रिटिश कंपन्यांच्या भागीदारीत निघाले. टीआयने हर्क्युलिस, फिलिप्स आणि बीएसए ही नावे येथे चालवली. पुढे लुधियानाने जी काळी सायकल घरोघरी पोहोचवली तिचे आटे, तिच्या पुढच्या ३२ आणि मागच्या ४० स्पोकांची पद्धत, तिचे २८ बाय दीड इंची टायर, हे सारे त्याच घराण्यातले आहे. इंग्लंडमध्ये ज्या मापाचे टायर शोधावे लागतात ते आपल्याकडे तालुक्याच्या गावी टांगलेले असतात, आणि पुढच्या कोनाचीही गोष्ट फारशी वेगळी नाही. तेव्हा दुकानात जाऊन रॅलेचे नाव न काढता ‘काळ्या सायकलीचा पुढचा कोन’ असे मागावे आणि सोबत आपला जुना कोन व एक्सल न्यावा.

मात्र आटे जुळले म्हणजे काम झाले असे नाही. कोनाचा उतार, त्यावरच्या खोलगट पट्ट्याची वक्रता आणि कोनाचा बाहेरचा व्यास या तिन्ही गोष्टी पाहाव्या लागतात. जुन्या कोनावर झिजेची जी रेघ आहे ती कोनाच्या टोकापासून किती अंतरावर येते हे व्हर्नियरने मोजून ठेवावे. नव्या कोनावर ग्रीसऐवजी थोडी निळी शाई किंवा मार्करची रेघ ओढून हब हलक्या हाताने जुळवावा, चाक काही फेरे फिरवावे आणि पुन्हा उघडून शाई कोठे पुसली गेली ते पाहावे. पट्ट्याच्या मध्याच्या आसपास पुसली असेल तर कोन योग्य आहे. अगदी टोकाला किंवा बुडाशी पुसली असेल तर तो कोन काही महिन्यांत पुन्हा खड्डे पाडील.

छर्रे जुने वापरू नयेत. खड्ड्यांतून फिरलेले छर्रे वरून गोल दिसले तरी त्यांची कातडी गेलेली असते. पुढच्या हबला सर्वसाधारणपणे दर बाजूस ३/१६ इंचाचे, म्हणजे ४.७६ मिमीचे, दहा छर्रे लागतात आणि साध्या मागच्या हबला पाव इंचाचे, म्हणजे ६.३५ मिमीचे, नऊ. ते सायकलच्या दुकानातून सुटे घेण्याऐवजी बेअरिंगच्या दुकानातून एकाच पाकिटातले घ्यावेत; ‘जवळपास तेवढेच’ म्हणून कोणी ५ मिमीचे दिले तर घेऊ नयेत. कपात छर्रे मांडताना शेवटी एका छर्ऱ्यापेक्षा थोडी कमी जागा मोकळी राहिली पाहिजे; दाबून बसवलेला जास्तीचा छर्रा बाकी सर्वांना घासत ठेवतो.

कप चकचकीत वाटतात असे आपण लिहिले आहे, ते शक्य आहे. एक्सल स्थिर असतो आणि हब फिरतो, त्यामुळे स्वाराचे वजन कोनाच्या सतत एकाच, म्हणजे खालच्या, बाजूवर येते. कपावर ते फिरत्या चाकाबरोबर सर्वत्र वाटले जाते. म्हणून कोन आधी जातो. तरीही बॉलपेनचे टोक कपाच्या पट्ट्यावरून हळूच गोल फिरवून पाहावे. ते कोठेही अडखळले नाही तर कप ठेवावा. नवा कोन मिळेपर्यंत सायकल बाहेर काढायचीच असेल, तर एक्सल चिमट्यात (पुढचे चाक धरणाऱ्या फोर्कमध्ये) अर्धा फेरा फिरवून बसवावा, म्हणजे वजन कोनाच्या कमी झिजलेल्या बाजूवर येईल. हा तात्पुरता उपाय आहे.

आता बाजार. पुण्यात कुंभारवेशीजवळचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तेथे आख्खे हब भंगारात मिळतात, आणि भंगारातल्या हबमधून चांगला कप किंवा एक्सल निघणे ही नवलाची गोष्ट नाही. दिल्लीचे झंडेवालान आणि कोलकात्याचा बेंटिंक स्ट्रीट येथे सायकलींच्या दुकानांच्या रांगाच आहेत. सेन-रॅलेचा कारखाना आसनसोलला असल्याने त्या कंपनीचा न विकला गेलेला माल बंगालच्या बाजूस निघण्याची शक्यता अधिक, असे माझे मत आहे. परंतु खरा जुना माल मला मोठ्या बाजारांपेक्षा लहान गावांतल्या दुकानांकडून जास्त मिळाला आहे. ज्या दुकानाचे मालक आता वयस्कर झाले आहेत आणि जेथे भाड्याने सायकली मिळायच्या, तेथे माळ्यावर खोकी पडून असतात. ती उघडून पाहण्याची परवानगी मात्र गोड बोलून मिळवावी लागते.

चाकोरी, नाशिक

मला इतका खटाटोप पटत नाही. सायकल चालवायची आहे ना, मग पुढचा हब सरळ नवा, अॅल्युमिनियमचा, सीलबंद बेअरिंगचा टाकावा आणि जुना हब खोक्यात जपून ठेवावा. पुढे कोन मिळाले तर परत बसवता येईल. नव्या हबला पाणी लागत नाही आणि देखभालही करावी लागत नाही.

जुना पान्हा, पुणे

नाशिककरांचा मुद्दा तत्त्वतः मान्य, पण या विशिष्ट सायकलीला तो लागू पडत नाही. आजच्या पुढच्या हबची लॉकनटांमधली (कोन पक्के करणाऱ्या बाहेरच्या नटांमधली) रुंदी साधारण १०० मिमी असते, तर त्या काळच्या रॅलेच्या चिमट्यात जेमतेम ९० मिमीच्या आसपास जागा असते. शिवाय चिमट्याच्या टोकांच्या खाचा ५/१६ इंचाच्या एक्सलसाठी कापलेल्या असतात, त्यांत ९ मिमीचा एक्सल शिरत नाही. म्हणजे नव्या हबसाठी चिमटा फाकवावा लागेल आणि खाचा कानशीने रुंद कराव्या लागतील. हब खोक्यात जपून ठेवता येतो. कानस मारलेल्या खाचा पूर्ववत होत नाहीत.

हब बदलायचाच झाला तर काळ्या सायकलीचा ३२ छिद्रांचा साधा लोखंडी हब घ्यावा. त्याच्या रुंदीत फरक असलाच तर थोडाच असतो, एक्सल मूळ मापाचा असतो आणि पुष्कळदा जुनेच स्पोक चालून जातात. तरी विकत घेण्यापूर्वी दोन्ही हबांच्या कानांचा, म्हणजे स्पोक ओवायच्या कडांचा, व्यास आणि त्यांच्यामधले अंतर ताडून पाहावे.

मुक्काम लेस्टर

मी इंग्लंडमध्ये राहतो आणि स्टर्मी-आर्चरचे हब दुरुस्त करण्याचा मला छंद आहे, म्हणून मागच्या हबपुरते लिहितो. पुढच्या हबविषयी पुणेकरांनी लिहिले आहे त्यात भर घालण्यासारखे काही नाही.

आपल्या हबवरचे आकडे म्हणजे १९५४ सालचा सातवा महिना. सायकलही त्याच सुमाराची असेल, पण मागचे चाक कधी बदलले गेले असल्यास तसे म्हणता येणार नाही. एडब्ल्यू ही स्टर्मी-आर्चरच्या तीन गियरच्या हबची रचना १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात आली आणि पुढची कित्येक दशके फारशी न बदलता बनत राहिली. ही गोष्ट आपल्या पथ्यावर पडणारी आहे, कारण दुसऱ्या दशकातल्या भंगार हबचे बरेच अंतर्भाग आपल्या हबला चालतात.

पेडल रिकामे फिरण्याचे जे लक्षण आपण सांगितले आहे त्यावरून मी अजून कोणताही भाग मागवणार नाही. या हबमध्ये दुसऱ्या आणि तिसऱ्या गियरच्या मध्ये एक अशी जागा आहे, की जेथे आतला क्लच कशालाच धरत नाही आणि पेडल मोकळे सुटते. गियरची तार ताणली की पहिला, म्हणजे हलका, गियर पडतो आणि तार सैल सोडली की तिसरा. वर्षानुवर्षांत तार थोडी लांबली किंवा तिचा अडकाठीचा क्लिप फ्रेमवर घसरला, की दुसरा गियर या मोकळ्या जागेच्या काठावर जाऊन बसतो आणि चढावर जोर दिला की सटकतो.

तपासणी सोपी आहे. गियर बदलण्याचा खटका दुसऱ्या गियरवर ठेवावा, पेडल थोडे मागेपुढे करावे आणि उजव्या बाजूच्या लांब नटाच्या बाजूला जे भोक असते त्यातून आत पाहावे. साखळीच्या टोकाला जोडलेल्या सळईचा खांदा एक्सलच्या टोकाशी तंतोतंत समपातळीत यायला हवा. तो आत किंवा बाहेर असेल तर तारेजवळच्या गोल, खाचेदार नटाने जुळवून घ्यावे व छोट्या लॉकनटाने पक्के करावे. माझ्याकडे ‘हब गेला’ म्हणून आलेल्यांपैकी कित्येक हब एवढ्यानेच बरे झाले आहेत.

जुळवणी बरोबर असूनही सटकत असेल तर मग उघडावे लागते, आणि कोणत्या गियरमध्ये सटकते यावरून दोषाची जागा कळते. आत २० दातांचे एक स्थिर चक्र एक्सलवरच कोरलेले असते, त्याभोवती २० दातांची चार लहान चक्रे फिरतात आणि बाहेर ६० दातांची कडी असते. तिसऱ्या गियरमध्ये क्लच लहान चक्रांच्या खिळ्यांना ढकलतो. तेथे सटकत असेल तर क्लचचे चार हात आणि खिळ्यांची टोके गोलावली आहेत का ते पाहावे. पहिला गियर पडत नसेल, तर डाव्या बाजूच्या पिंजऱ्यावरचे दोन पॉल, म्हणजे फ्रीव्हीलमध्ये टकटकतात तसले खटके, किंवा त्यांच्या केसाएवढ्या स्प्रिंगा दोषी असतात. बऱ्याचदा काहीच मोडलेले नसते. जुने तेल वाळून डिंक झालेले असते आणि त्यात पॉल चिकटून बसतात. म्हणून उघडण्याआधी तेलाच्या छिद्रातून पातळ तेल सोडून एक-दोन दिवस फिरवून पाहावे. त्यानंतर नेहमीसाठी २० क्रमांकाचे इंजिन ऑइल थोडे थोडे घालत जावे. खोबरेल आणि स्वयंपाकाची इतर तेले कटाक्षाने टाळावीत, तीच पुढे डिंक होतात.

उघडायचेच झाले तर दोन गोष्टी विसरू नयेत. उजव्या बाजूची खाचांची मोठी कडी दुहेरी आट्यांची असते, म्हणजे ती दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून आत शिरू शकते. काढण्यापूर्वी कडी आणि कवच यांवर एकमेकांसमोर खूण करावी आणि त्याच ठिकाणाहून पुन्हा बसवावी, नाहीतर चाकाचा मध्य किंचित सरकतो आणि मग माणूस विनाकारण स्पोक आवळत बसतो. दुसरी गोष्ट, उजवा कोन हाताने घट्ट होईपर्यंत फिरवून मग अर्धा फेरा मागे घ्यावा व लॉकनटाने बंद करावा. त्यानंतर सैल-घट्टपणाची सगळी जुळवणी डाव्या कोनानेच करायची असते. रिमजवळ अगदी थोडा डोल राहिला तर तो या हबला मान्य आहे.

कोनच झिजले असतील तर मात्र भारतीय बाजारातला मागचा कोन येथे चालणार नाही, कारण या हबचा एक्सल १३/३२ इंचाचा, म्हणजे सुमारे १०.३ मिमीचा आहे. नॉटिंगहॅमचे उत्पादन बंद होऊन २००० साली स्टर्मी-आर्चर तैवानच्या सनरेसकडे गेली आणि तीन गियरचे हब आजही तेथे बनतात. नव्या हबच्या आतली रचना बदललेली असल्याने त्याचा कोणताही भाग उचलून जुन्यात घालता येईल असे समजू नये. विक्रेत्याला ‘जुन्या एडब्ल्यूसाठी, १९५४’ असे स्पष्ट कळवून कोन, पॉल, स्प्रिंगा आणि पिंजऱ्यातले छर्रे एवढेच मागवावेत. येथील जुन्या सायकलींच्या जत्रांमध्ये आख्खे एडब्ल्यू चाक कधीकधी सुट्या कोनांपेक्षा स्वस्त मिळते, पण ते भारतात पाठवण्याचा खर्च त्याच्या किमतीवर जाईल. नुसते अंतर्भाग काढून पाठवणे परवडते. १९५५ साली स्थापन झालेला व्हेटरन-सायकल क्लब हाही एक चांगला आधार आहे; तेथे एकेका कंपनीच्या सायकलींची बारकाईने माहिती असणारे सभासद आहेत.

चाकोरी, नाशिक

थोडे विषयाला धरून विचारतो. माझ्याकडे पुढच्या चाकात डायनोहब, म्हणजे दिव्यासाठी वीज तयार करणारा हब, असलेली रॅले आहे. त्याचेही कोन असेच बदलता येतील का?

मुक्काम लेस्टर

कोन बदलता येतात, परंतु डायनोहबमधला गोल चुंबक आतल्या गुंडाळीच्या गाभ्यापासून कधीही मोकळा काढू नये. तो बाहेर काढताना लगोलग लोखंडी कडीत सरकवला नाही तर त्याची चुंबकशक्ती लक्षणीय घटते आणि दिवा कायमचा मंद होतो. कोन बदलण्यासाठी चुंबक व गाभा वेगळे करण्याची गरज नसते. दोन्ही एकत्रच बाहेर घ्यावेत.

मिरजकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मागच्या हबची सळई पाहिली, ती दुसऱ्या गियरमध्ये एक्सलच्या टोकापेक्षा बरीच आत गेलेली होती. खाचेदार नटाने जुळवून घेतल्यावर दंडोबाच्या वाटेवरच्या चढावर चालवून पाहिली आणि पेडल एकदाही सुटले नाही. त्यामुळे तो हब तूर्त उघडत नाही.

पुढच्या एक्सलवर अर्ध्या इंचात १३ आटे भरले. सांगलीत काळ्या सायकलीचे लुधियाना बनावटीचे कोन मिळाले आणि ते एक्सलवर शेवटपर्यंत बोटांनी गेले. बॉलपेनच्या परीक्षेत उजवा कप उत्तीर्ण झाला. डाव्यात एका ठिकाणी टोक किंचित अडखळते. शाई लावून पाहिली तर छर्ऱ्यांची रेघ पट्ट्याच्या मध्याच्या जरा वर, पण पट्ट्यातच येते. अडचण एवढीच आहे, की नव्या कोनाचा बाहेरचा व्यास जुन्यापेक्षा थोडा मोठा असल्याने तो हबच्या धूळरोधक टोपीला घासतो. टोपी काढून टाकावी, की कोन कमी करून घ्यावा? की आता लेथवर नवेच कोन करावेत?

लेथकाम, कोल्हापूर

टोपी काढू नये. पहिल्याच पावसाळ्यात चिखलाचे पाणी आत जाईल आणि नव्या कोनांची गत जुन्यांसारखीच होईल.

कोन नव्याने करण्याबद्दल प्रथम सांगतो, कारण आमच्याकडे ही विचारणा वरचेवर होते आणि लोकांना ते काम दिसते त्याहून सोपे वाटते. साध्या लोखंडातून कोन कातून देणारा टर्नर कोठेही भेटेल, पण तो कोन छर्ऱ्यांखाली लगेच दबतो. त्यासाठी ‘इएन ३१’ या नावाने आपल्याकडे मिळणारे बेअरिंगचे पोलाद घ्यावे लागते, कातकाम झाल्यावर ते ८०० ते ८४० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून तेलात विझवावे लागते, आणि मग १५० ते २०० अंशांवर पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा कमी करावा लागतो. कठीणपणा रॉकवेल मापावर ६० च्या आसपास आला पाहिजे. या तापवण्यात आटे किंचित हलतात, म्हणून आटे पाडताना थोडी मोकळीक ठेवावी लागते. तशी ती ठेवण्याचा अंदाज अनुभवाने येतो. छर्रे फिरतात त्या खोबणीची त्रिज्या छर्ऱ्याच्या त्रिज्येपेक्षा जराशी मोठी असावी लागते. ३/१६ इंची छर्ऱ्याची त्रिज्या २.३८ मिमी असते, तेव्हा २.५ मिमीचे हत्यार घासून घेतले की काम होते. तापवल्यानंतर खोबणी ग्राइंड आणि पॉलिश करावी लागते, ते सोडून दिले तर बाकीची मेहनत वाया जाते.

आट्यांबाबत एक इशारा. मिलिमीटरच्या लेथवर गियर न बदलता ‘१ मिमी म्हणजे तेच’ म्हणून आटे पाडून देणारे आहेत. २६ आट्यांसाठी इंची लीडस्क्रूचा (आटे पाडताना हत्यार सरकवणाऱ्या लांब स्क्रूचा) जुना लेथ असलेले दुकान शोधावे. कोल्हापूर-इचलकरंजीकडे असे लेथ अजून चालू आहेत. एका जोडीसाठी हे सर्व करणे महाग पडते. समान माप लागणारे चार-पाच जण एकत्र आले तर परवडू शकते, कारण तापवण्याच्या भट्टीचा खर्च नगावर नव्हे तर खेपेवर असतो.

आपल्या बाबतीत याची गरज नाही. मिळालेल्या कोनाचा खोबणीचा भाग योग्य आहे. अडथळा फक्त बाहेरच्या कडेचा आहे आणि त्या कडेवर छर्रा कधीच येत नाही. ती कमी करून घ्यावी. मात्र कोन कठीण केलेला असल्याने लेथचे साधे हत्यार त्यावर घसरेल, म्हणून ग्राइंडिंगवाल्याकडे जावे. कोन एक्सलच्या एका तुकड्यावर लॉकनटाने आवळून फिरता ठेवावा, चाक बारीक दाण्याचे असावे आणि पाणी सतत पडत राहावे. कोन निळसर झाला तर तापून त्याचा कठीणपणा गेला असे समजावे आणि तो टाकून द्यावा. टोपी आणि कोन यांच्यामध्ये सर्व बाजूंनी पाव ते अर्धा मिमी फट राहिली की पुरे. त्याहून जास्त घासून घेऊ नये.

जुना पान्हा, पुणे

कोल्हापूरकरांच्या सल्ल्याला माझे अनुमोदन. डाव्या कपाबद्दल एवढेच, की एका ठिकाणी किंचित अडखळणारा कप नव्या कोन-छर्ऱ्यांसह बराच काळ चालतो. तूर्त तो काढू नये. कप ठोकून बसवलेले असतात, समोरच्या बाजूने बोथट सळई घालून गोलाकार, थोडे थोडे ठोकत काढता येतात, पण बदली कप हातात असल्याशिवाय हे धाडस करू नये, कारण काढताना कड चेपली तर जुनाही हातचा जातो. भंगारातला हब मिळाला तर प्रथम त्याच्या कपाचा बाहेरचा व्यास मोजून ठेवावा.

बसवताना पक्का आवळायचा कोन उजवीकडे आणि जुळवणीचा कोन डावीकडे ठेवावा, म्हणजे चाकाच्या फिरण्याने तो आपोआप आवळला जात नाही. लॉकनट घट्ट करताना कोन थोडा पुढे ढकलला जातो, म्हणून आवळण्यापूर्वी नाममात्र डोल ठेवावा आणि आवळल्यावर तो गेला का ते पाहावे. जड ग्रीस भरपूर भरावे आणि तेलाच्या छिद्रावरची पट्टी सैल असेल तर ती आधी दाबून घट्ट करावी, कारण या हबांत पाणी बहुधा तेथूनच शिरते. पहिले पन्नास-साठ किलोमीटर चालवून झाल्यावर कोन पुन्हा एकदा तपासावेत.